उलटी फेरी

२ मार्च १९११
बाबांशी पुन्हा भांडले! वादळाने खाडीच्या तोंडाशी उजव्या अंगाला वाळू आणून टाकलीय. ओहोटीला मी डोळ्यांनी पाहिली. तरी किनाऱ्यावरून निघाली की होडी आधी उजवीकडेच वळवायची — सूर्याच्या चालीने एक फेरी, मगच समुद्र. "डावीकडून वळा ना," म्हटलं. बाबा गरजले, "विदरशिन्स? सूर्याच्या उलट? माझी होडी? जीभ धुऊन ये, एल्स्पेट!"

४ मार्च
शाळेच्या मास्तरांना गाठलं. म्हणाले, विदरशिन्स हा शब्द मूळचा जर्मनांकडचा, अर्थ नुसता 'उलट्या वाटेने'. चारशे वर्षांपूर्वी आपले स्कॉट लोक भीतीने उभ्या राहिलेल्या केसांना तसं म्हणायचे! सूर्य त्याला मागाहून चिकटला. चेटकिणीही.
केस! आणि एवढ्यासाठी माणसं वाळूवर जाणार!
बाबांना सांगितलं. ते आमिषाचे शिंपले सोलत राहिले.

५ मार्च, रविवार
प्रार्थना सुटल्यावर सगळ्यांदेखत चर्चला फेरी घातली — उलटी! डॉडकाका, आमच्यातले सगळ्यात जुने तांडेल, ओरडले, "अगं ए! बापाला बुडवशील!"
"बुडवलं तर वाळू बुडवेल!"
बाबा घरी निघून गेले.

६ मार्च
बाबांची होडी वाळूत रुतली. लाटेने आडवी केली. बाकीच्यांना डॉडकाकांनी ओढून घेतलं. बाबांना नाही.

९ मार्च
बाबांना पुरलं. गाव म्हणतं, मी मारलं. बायका दारावरून जाताना थुंकतात. थुंका! वाळू तिथेच आहे, जाऊन बघा. मी गाव सोडणार नाही. मानही खाली घालणार नाही.
राग बाबांचाच येतोय. त्या सकाळी रोजच्यासारखं त्यांना पाठीवर घेऊन पाण्यातून होडीपर्यंत नेलं, बूट कोरडे राहावेत म्हणून. कानाशी म्हणाले, "केसांचं ते खरं का गं?" आणि हसले. मी म्हटलं, खरंच. मग चढले होडीत — आणि वळले उजवीकडे! का, बाबा?

२० मार्च
त्या दिवसानंतर आज पहिल्यांदा होड्या निघाल्या. सगळ्यात पुढे डॉडकाकांची. डावीकडे वळली. मागून सगळ्या. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.
मी बाबांच्या कबरीला फेरी घालून आले. सूर्याच्या चालीने.