गाडी झऱ्याच्या अलीकडेच

वरची वाडी, वैशाखरे,
ता. मुरबाड
रविवार, ९ मार्च २०२५

चि. सुरज यास,
लखमाकाकाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. वाल निघाले, त्यातले थोडे तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलेत. तुझ्या आईचे, प्रेमावहिनींचे, गुडघे कसे आहेत ते कळव. दिपिकाला आशीर्वाद सांग.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उपास सोडला आणि तू सांगितल्याप्रमाणे गाड्या बघायला कल्याणला निघालो. तुझी काकू दारात उभी राहून म्हणाली, “माझा दात दुखं तवा कल्यान लय लांब व्हतं. पुतन्याची गाडी बगायला बरं जवल आलं!” मी हसलो आणि वाटेला लागलो. पण पाय उचलत नव्हता. ते तिलाही दिसत होतं. ती उगाच चेष्टा करत नाही.

मुरबाडपर्यंत एसटी मिळाली, पुढे वडापची जीप. पहिल्या शोरूममध्ये गाडीत चढताना मी चप्पल काढली. तिथली मुलगी म्हणाली, “काका, चप्पल घालूनच बसा.” मी म्हटलं, “नवी आहे बाई, कोणाची तरी व्हायची आहे.” ती हसेल असं वाटलं होतं. तिने वाकून माझी चप्पल उचलली आणि दाराशी नीट लावून ठेवली. मला कसंसंच झालं. मग तिने विचारलं, “रोजच्या वापराला पाहिजे की ऑफ-रोडिंगला?” मी म्हटलं, “पुतण्याला दोन्हीला पाहिजे.” ती म्हणाली, “सगळे तसंच म्हणतात.”

तू सांगितलेल्या तिन्ही गाड्या पाहिल्या. दोन चालवल्या, एकीत नुसता बसलो. मला जे वाटलं ते लिहितो.

थार बघितल्याबरोबर मनात भरते, ते खोटं नाही. ताकद आहे, आवाज भारदस्त आहे, डोंगर दिसला की हीच गाडी पाहिजे असं वाटतं. पण तू म्हणतोस ती तीन दारांची आहे. मागे बसायला पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं. मी शिरलो, आणि बाहेर येताना त्या मुलीला हात द्यावा लागला. वहिनी त्यात कशा बसणार?

गुरखा उंच आणि दणकट आहे. भरल्या ओढ्यातून काढायची तर मी तीच घेईन. पण सापगावातल्या तुमच्या बोळात ती वळवताना शेजाऱ्याच्या ओट्याशी रोज भांडण होईल. तिच्यात मी नुसताच बसलो. उंचावर बसल्यावर समोरची माणसं लहान दिसतात. तेवढं एक मला बरं वाटलं नाही.

जिम्नी लहान, हलकी. मागे सामान फार मावणार नाही, चौघांपुरती गाडी. पण मागच्यांना दारं आहेत, बोळात वळेल, आणि हलकी असल्यामुळे ओल्या मातीत रुतणार नाही. चारही चाकांना जोर देणारा फोर-बाय-फोरचा दांडा हाताने टाकायचा आहे, ते मला आवडलं.

त्या दांड्याविषयी थोडं सांगतो. आपल्या जुन्या जीपला नुसता दांडा टाकून भागत नाही. आधी खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांचे हब हाताने फिरवावे लागतात, तेव्हा पुढची चाकं जोर धरतात. तुझा बाप शाम वैतागायचा, म्हणायचा, “दादा, हिच्यापेक्षा बैल बरा, त्याला कुठं हब फिरवावं लागतं?” पण इतकी वर्षं झऱ्याच्या अलीकडे थांबून, उतरून, हब फिरवताना मी रोज पाण्याकडे बघत आलो. किती आहे, गढूळ आहे का, कोणी भरत बसलंय का. कोणी असलं तर थांबायचो. नव्या गाडीत सगळं बसल्या जागी होतं. उतरायची गरजच पडत नाही.

आता तू फोनवर विचारतोस तसं विचारशील, “काका, फायनल काय ते बोला.” फोनवर तू भराभर बोलतोस आणि मी हो हो म्हणतो. म्हणून हे पत्र.

पाडव्याला तू गाडी घेणार, आणि पाडव्यापासून वर पठारावर तंबू लावून पाहुणे आणणार, हे तू ठरवलंस. दोन मित्र बरोबर घेतलेस. पाटीवर ‘शाम कॅम्प’ लिहिणार, असं तू म्हणालास तेव्हा मला फोनवर बोलता आलं नव्हतं. रेंज गेली असं मी नंतर सांगितलं. रेंज होती.

तू गेल्या महिन्यात विचारलंस, “वर पाणी आहे ना पाहुण्यांना?” मी म्हटलं, “आहे की.” सुरज, पाणी नाही.

गणपती गेल्यावर तू मित्रांच्या गाड्या घेऊन आलास तो दिवस आठव. मी जीप घेऊन पुढे होतो, ते माझ्या मागून एकेक करून झरा ओलांडून वर आले. तोवर सगळं ठीक होतं. तू वर काकूच्या हातची भाकरी खात बसलास. तेवढ्यात तुझे मित्र पुन्हा खाली झऱ्यावर गेले. मी त्यांच्या मागे चालत गेलो. एकजण मोबाइल धरून उभा होता आणि बाकीचे आळीपाळीने गाडी पाण्यात घालून चाकं जागच्या जागी फिरवत होते. चिखलपाणी झाडांच्या उंचीपर्यंत उडत होतं. मी म्हटलं, “हळू बाबांनो, ते पिण्याचं पाणी आहे.” त्यातला एकजण चांगल्या मनाने म्हणाला, “काका, टेन्शन घेऊ नका, फोर-लोमध्ये आहे, रुतणार नाही.”

मी आणखी काही बोललो नाही. तुझे पाहुणे होते.

पाणी निवळायला बरेच दिवस गेले. तोवर बायका खालच्या ओढ्यावर जात होत्या, तेही कोणी मनावर घेतलं नाही. पण दिवाळीनंतर लक्षात आलं की झऱ्याखालचं कुंडच भरत नाही. कुंडाच्या तोंडाशी जी कातळाची लादी पाणी अडवून धरायची, ती हलली आहे. खाली फट पडली आहे. आपल्या भगत विठूबाबाने मूठभर भाताचं तूस वर पाण्यात सोडलं. आम्ही सगळे बघत होतो. तूस कुंडात आलंच नाही. फटीत शिरलं आणि कुठे गेलं ते कळलं नाही. आता पारू आणि बाकीच्या बायका पहाटे जाऊन बसतात आणि वाटीने पाणी हंड्यात भरतात. होळी यायची आहे. अजून उन्हाळा पुरता लागलेलाही नाही.

मला कोणी काही बोललं नाही, सुरज. तेच जड होतं. शेवटी मीच विठूबाबाकडे गेलो. तुला माहीत आहे, झऱ्यावर सातीआसरा, पाण्याच्या देवी, आहेत, तिथे आपण कोणी पायात घालून जात नाही. जीप पहिल्यांदा वर आणली तेव्हा शामने आणि मी आसरांना नारळ ठेवून कौल मागितला होता. ओल्या पाषाणाला दोन बाजूंना तांदळाचे दाणे लावले, उजवीकडचा आधी पडला, म्हणजे परवानगी मिळाली. मी विठूबाबाला म्हटलं, “बाबा, आमी तर कौल घेऊन गाडी आनली होती.” माझा आवाज जरा चढला असावा.

विठूबाबा म्हणाला, “घेतलास ना. तुज्या गाडीचा घेतलास. बाजारची भेंडी न्यायला नि रेशन आनायला घेतलास. ह्या बाकीच्यांचा कोनी घेतला?”

“त्यांना काय ठावं, बाबा?”

“त्यांना नाय ठावं. तुला व्हतं.”

मग तो म्हणाला, “फटीत चिकनमाती भरू. वरून धोंडे लावू. पन चाक फिरलं तं काय उपेग नाय. एक पाऊस त्या जाग्याला निजू दे. पानी आलं तं आलं.”

“माझी जीप हलकी हाय, बाबा. मी एकटाच जाईन, हळू.”

“लखम्या, वाट हाय तवर चाकं येनार. तू त्यांना हात आडवा करून किती दिस उबा राशील?”

हे ऐकून मी झऱ्यावर गेलो. कमरेला तांदळाची पुडी होती. पुन्हा कौल मागावा, वाट बंद करू की नको ते आसरांनीच सांगावं, असं मनात होतं. पाषाणापुढे बसलो, पुडी सोडली. पारू बाजूला वाटीने पाणी भरत होती. खरवड, ओत, खरवड, ओत. तिने एकदाही मान वर केली नाही. मला वाटलं, जे मला डोळ्यांनी दिसतंय आणि कानांनी ऐकू येतंय, ते देवीला कशाला विचारायचं? विचारलं तर एवढंच की उद्या सुरज रागावला तर मी म्हणणार, देवीने सांगितलं. मी हात जोडले, पुडी बांधली आणि घरी आलो.

तुझ्या काकूला सांगितलं. ती चुलीत लाकूड सारत म्हणाली, “पोराला आदी सांगा.” मी म्हटलं, “सांगितलं तर तो येईल, आनि तो आला तर माझ्याच्यानं व्हनार नाय.” म्हणून तुला न सांगता केलं. ते बरोबर नव्हतं हे मला ठाऊक आहे. शामची वाट ती तुझीही होती.

गाडीविषयी माझं मत विचारलंस तर सांगतो. तुझा रोजचा रस्ता सापगाव ते भिवंडीचं गोडाऊन, सगळा डांबरी. त्याला चार चाकांचा जोर लागत नाही. तरी मन असेल तर जिम्नी घे, वहिनींना उतरता-चढता येईल. पाडव्याला गाडीची पूजा कर, मी येईन. पण आपल्या वाटेसाठी म्हणून घेणार असशील तर कोणतीच घेऊ नकोस. ती वाट आता नाही.

परवा सकाळी, फटीत माती भरायच्या आधी, जीप मी शेवटची खाली आणली. वैशाखऱ्याच्या रस्त्यावरून वर येताना आपलं खालचं शेत लागतं, तिथे उंबराखाली लावली. मग काल सगळे मिळून झऱ्याच्या बरेच खाली, शामने धोंडे फोडून जे वळण काढलं होतं, तिथे आलो. वळण काढायला त्याला आणि मला एक अख्खा उन्हाळा लागला होता. त्याच्या पहारेच्या खुणा कातळावर अजून दिसतात. तिथेच आडवा चर खणला, कमरेइतका खोल, आणि वरचे मोठे धोंडे त्याच्या अलीकडे लोटले. वाडीतला हनुमान घामाघूम होऊन म्हणाला, “लखमादादा, आता सिमेटची गोन तूच आन डोक्यावरून.” पारू म्हणाली, “आनंल, आनंल, जीपपेक्षा कमीच कुरकुरतो तो.” सगळे हसले. मीही हसलो. पहिला धोंडा मी लोटला होता, शेवटचाही मीच लोटला. माणूस आणि बकरी जाईल एवढी पायवाट बाजूने ठेवली आहे. फटीत माती परवाच भरून झाली. पाणी येईल की नाही ते कोणालाच माहीत नाही.

तुझ्या मित्रांना काय सांगायचं याचा विचार मी केला. वरचं पठार नाही, पण खालचं शेत माझ्या वाटणीचं आहे. तिथे भात होतो, तो मी यंदा करणार नाही. तंबू तिथे लाव. पाण्याला रस्त्याकडची बोअर आहे. वर बघायला ज्याला यायचं त्याने चालत यावं, मी घेऊन येईन, आणि झऱ्याच्या आधी त्याला चप्पल काढायला मीच सांगेन. यावेळी गप्प बसणार नाही. हे तुला पटलं नाही आणि तू आलाच नाहीस, तरी शेत तुझ्यासाठी मोकळं ठेवतो.

पाटीवर बापाचं नाव लिहायचं की नाही ते तू ठरव. शाम असता तर त्याने मला अडवलं असतं की माझ्या हातातली पहार घेतली असती, हे मी काल दिवसभर मनात धरून होतो. मला कळलं नाही. तू त्याचा मुलगा आहेस, तुला कदाचित कळेल.

वहिनींना हे पत्र वाचून दाखव. राग आला तर तोंडावर बोल, पण ये.

ज्याने तुझ्या बापाबरोबर ती वाट काढली आणि काल आपल्या हाताने बुजवली,
तो तुझा काका,
लखमा