चादर बदलण्याचा प्रवेश

१४ तारीख, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी पाठ, भावोजींचा गुडघा, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. दोन वर्षं तू काही कळवत नाहीस, मग दुसरं करणार काय! मी मजेत आहे. हे खोटं आहे, पण पत्राची सुरुवात अशीच करायची असते, हे तूच शिकवलंस.

नाटक उभं राहतंय. चार संस्थांनी "वाचून कळवतो" म्हणत तोंडाला पानं पुसली, तेव्हा स्वतःच माणसं जमवली. शाळेच्या रिकाम्या वर्गात तालमी चालतात, बाकं जोडून आईचा पलंग केलाय. रविवारी पहिला प्रयोग. हा पडला तर मला पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही, आणि या वयात मला दुसरं काही येतही नाही.

नाटकात आजारी आई आहे, आणि तिचं सगळं करणारा मुलगा. मुलगी शेवटी येते, उशिरा. पत्र फाडू नकोस, पुढे वाच.

काल एका प्रवेशाशी घोडं अडलं. मुलगा आईला न उठवता तिच्याखालची चादर बदलतो. नटाला ते जमेना. दिग्दर्शिका म्हणाली, "लेखकमहाराज, लिहिलंत तुम्ही, आता करूनही दाखवा." मी ऐटीत गेलो, चादर ओढली आणि आईचं काम करणाऱ्या बाई बाकावरून थेट खाली! सगळे हसले. बाई मात्र कोपर चोळत माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "तुम्ही हे कधी केलेलं नाही. पण लिहिलंय ते करणाऱ्या माणसाचं आहे. कुणाचं आहे हे?"

मी चादरीची घडी घालायला लागलो.

तुझं आहे, ताई. आईच्या शेवटच्या त्या अकरा दिवसांत तू फोनवर सांगायचीस, आधी कुशीवर वळवायचं, जुनी चादर पाठीशी गुंडाळायची, आणि हात लावण्याआधी "आई, वळवते हं" म्हणायचं. तुला वाटायचं, धाकटा किती मन लावून ऐकतोय. मी वहीत संवाद टिपत होतो.

आणि गाडी चुकली म्हणालो होतो, ती चुकली नव्हती. "आता निघ" असा तुझा फोन आला, तेव्हा त्या वेळच्या नाटकाच्या दुसऱ्या अंकाची तालीम रंगात आली होती. म्हटलं, एवढा अंक होऊ दे. मी पोचलो तेव्हा आई गेली होती आणि तू चादरी धूत होतीस. मला स्वतःची लाज वाटते, ताई. तेव्हाही वाटली होती.

आज सकाळी दोघांची कामं बदलली. आता चादर मुलगी बदलते, उशिरा मुलगा येतो. नाटक पहिल्यांदा धड उभं राहिलं. पण ते तुझं आहे. तू नको म्हणालीस तर रविवारी पडदा उघडणार नाही, हे सगळ्यांना सांगून टाकलंय. तेव्हापासून नट माझ्याशी बोलत नाहीत.

एकच वाक्य राहिलंय. आई विचारते, "तो आला का?" त्यावर मुलगी काय म्हणते? तू काय म्हणाली होतीस? मी कधी विचारलंच नाही. काहीतरी रचून घालणं मला अवघड नाही, आयुष्यभर तेच केलं. या वेळी हात धजत नाही. पानावर तेवढी जागा कोरी ठेवली आहे.

शिव्या दे, पण रविवारच्या आत कळव.

गाडी न चुकलेला,
तुझा धाकटा