खांद्याचं कुणी विचारलंच नाही

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (खरं तर सातच अंगांचा, उजवा खांदा रजेवर आहे). तुझा खोकला कसा आहे हे विचारत नाही, कारण तू बरा आहे म्हणणार आणि तो मला फोनवर ऐकू येणार. तुझ्याही फुप्फुसात माझ्यासारखाच डाग निघाला आणि ऑपरेशनची पुढच्या आठवड्याची तारीख तू परस्पर नाकारलीस, हे कळलं. माझं ओरडणं ऐकून घाबरलीस म्हणे. तुझं मन वळवायला लिहीत नाही, नुसती हकिकत कळवतोय.

फुप्फुसाचा तुकडा काढला, त्याचं काही दुखलं नाही. पाठीत बारीक नळी घालून छाती बधिर केली होती. बरगड्यांमध्ये चिरलेलं, कुशीतून रबरी नळी लोंबतेय आणि मी मजेत! दुखत होता तो खांदा, ज्याला कुणी हातही लावला नव्हता. श्वास घेतला की कुणी खिळा ठोकावा तसा ठणका, म्हणून मी श्वासातच काटकसर सुरू केली. नर्स विचारायची, छातीत दुखतंय का? मी म्हणायचो, नाही. (विचारलं तेवढंच सांगावं, ही तुझीच शिकवण. तू शाळेत कडक होतीस, घरी त्याहून.) वॉर्डात माझं कौतुक होऊ लागलं. खरं सांगू? मला वाटलं, रोग खांद्यात पोचला. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ परवा गेले, आणि घरी नाही गेले. मी तोंड शिवून पडून राहिलो. मग तुझ्याशी फोनवर बोलत असताना साडू भेटायला आले आणि त्यांनी प्रेमाने नेमकी त्याच खांद्यावर थाप मारली. पुढचं तू ऐकलंसच.

भुलीच्या डॉक्टरबाई धावत आल्या. वयाने लहान, पण मला चांगलंच झापलं. श्वासाचा पडदा छातीच्या तळाशी असतो, पण त्याची नस मानेतून, खांद्याच्या नसांशेजारून येते. तळाशी डिवचलं की माणसाचा खांदा दुखतो. (आमच्या ऑफिसातही चूक तळमजल्यावर आणि बोंब साहेबांच्या केबिनमध्ये.) रोग खांद्यात गेलेला नाही, म्हणाल्या. ताई, मी सगळ्यांदेखत रडलो. मग सोनोग्राफीत बघत त्यांनी खांद्यामागच्या नसेपाशी बधिर करण्याचं औषध टोचलं. ठणका गेला, सोबत हाताचा जोरही गेला. सर्जनना नमस्कार करायला गेलो तर एकच हात वर आला. त्यांना वाटलं मला काही विचारायचंय. औषध उतरल्यावर पुन्हा दुखलं, पुन्हा टोचलं. आज मात्र पोटभर खोकलो, फुप्फुस मोकळं व्हायला खोकावंच लागतं म्हणे.

तुझा,
धाकटा

ता. क. : मन वळवत नाही म्हटलं ते खोटं. दाखल होशील तेव्हा खांद्याचं आधीच विचार. ऑपरेशन चालू असतानाच त्या पडद्याच्या नसेपाशी औषध सोडता येतं, असं बाई म्हणाल्या. सगळ्यांना चालत नाही, पण विचार.

ता. क. २ : तुझी तारीख मी रद्द होऊ दिलेली नाही. ताई येतेय, असं सांगून ठेवलंय. दुखणार आहे, खोटं कशाला बोलू? तरी ये. मला अरे-तुरे करणारं आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.