दक्षता शाखा, हुडकेश्वर

५ मे, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण: पुढेमागे पुरावा लागतो. सरकारी कचेरीच्या दक्षता शाखेत हेडक्लार्क होतो. जे कागदावर नाही ते घडलंच नाही, हे मला कोणी शिकवायला नको.

सद्यस्थिती. सौ. अरुंधती फेब्रुवारीपासून बंगलोरला. मुलीची, अदितीची, रजा संपली, बाळाला सांभाळायला कोणी नाही, म्हणून आजी. एप्रिलमध्ये परतणार होती. आता म्हणते, बाळाला पाळणाघरात जागा मिळाली की बघू. जाताना मलाही चला म्हणत होती. मी म्हटलं, घर कोण बघणार? फ्लॅट दोन खोल्यांचाच आहे, पण बघावा लागतो.

मजेत आहे. रिमोट माझ्याकडे. पंखा माझ्या मनाने. भाजीत कढीपत्ता नाही. (भाजीच नाही, पण ती वेगळी बाब.) माणसाला आणखी काय लागतं?

झोप लागत नाही ती उशीमुळे. छातीत धडधडतं ते चहापत्तीमुळे. दोन्ही बदलणार. उद्यापासून पहाटे उठणे, फिरणे, प्राणायाम, स्वतः स्वयंपाक.

७ मे
फिरायला गेलो. ग्राउंडच्या बाकावर नेहमीची मंडळी खो खो हसत होती. मी पोचलो आणि हसणं थांबलं. योगायोग? विश्वनाथराव म्हणाले, "या पंत, दोन दिवस दिसले नाही?" म्हणजे माझ्या हजेरीवर लक्ष आहे. कोणाच्या सांगण्यावरून?

उद्यापासून फिरणं घरातल्या घरात. हॉल ते बाल्कनी. अंतर कमी आहे पण सुरक्षित आहे.

९ मे
समोरच्या फ्लॅटमधल्या रंभाबाई दारात. हातात झाकलेला डबा. "भाऊजी, भरले वांगे केले जी. तुमी एकटेच आहा. काही खाऊन राहिले का नाही?"

'एकटेच'. शब्द नीट ऐकला. माणूस एकटा आहे याची खात्री कोण करून घेतं? ज्याचा काही हेतू असतो तो. विचार केला आणि हेतू सापडला: पार्किंग. माझी स्कूटर शेडखाली सावलीत, त्यांच्या नत्थूजींची गाडी उन्हात. नत्थूजी कळमन्याच्या मार्केटात संत्र्याचे अडते होते. असला माणूस फुकट वांगी देईल?

पोट बिघडलंय सांगून डबा परत केला. संध्याकाळी चहा-टोस्ट. वांग्याचा वास झोपेपर्यंत भिंतीतून येत होता. हाही त्यांच्या योजनेचा भाग असावा.

१२ मे
कामाला येते ती दीपमाला भांडी घासताना म्हणाली, "काका, काल बी खिचडीच का?" म्हणजे भांडी वाचते. शिक्षण सातवी, पण निरीक्षण आमच्या शाखेतल्या निम्म्या स्टाफपेक्षा बरं. तिला महिनाभर सुट्टी दिली. म्हणाली, "काका, मी काही चुकली का?" मी म्हटलं, उन्हाळा आहे, आराम कर.

आता भांडी मीच घासणार. व्यायामही होतो. आजची भांडी उद्या.

१४ मे
पँट सैल. बेल्टला खिळ्याने नवीन भोक पाडलं. उन्हाळ्यात वजन उतरतंच.

भांडी: उद्या नक्की.

१५ मे
बीपीचं मशीन आणलं. डावा हात एक आकडा सांगतो, उजवा दुसरा. दोघांपैकी एक खोटं बोलतोय. दोन्ही आकडे जास्तच आहेत, पण मुद्दा तो नाही. मुद्दा विश्वासार्हतेचा आहे.

१७ मे
धंतोलीत डॉक्टरला दाखवलं. विहंग नाव, वयाने अदितीएवढा. ईसीजी, रक्त, लघवी, सगळं केलं. रिपोर्ट ठीक, फक्त बीपी वाढलेलं. मग खुर्ची पुढे ओढून विचारतो: घरी कोण असतं? दिवसभरात कोणाशी बोलता? मी म्हटलं, कामापुरतं. त्याने विचारलं, काल कोणाशी बोललात? आठवेना. बीपीचा आणि काल कोणाशी बोललो याचा काय संबंध?

म्हणाला, एकटं राहून झोप उडते, भूक जाते, बीपी वाढतं, आणि माणसाला सगळे आपल्यावर टपलेत असंही वाटायला लागतं. हे शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून बोलला. याला कोणी फोन केला होता का?

एक गोळी लिहून दिली. खाली लिहिलं: रोज कोणाबरोबर तरी बसून चहा घेणे. एवढी फी घेऊन चहा. गोळी सुरू करतो. चहा घेतोच आहे. कोणाबरोबर, ही माझी खासगी बाब.

१८ मे, रविवार
गंभीर घडामोड.

अरुंधतीचा फोन. मी 'हॅलो' म्हटलं आणि ती लगेच: "अहो, बरं नाही का? डॉक्टरांकडे जाऊन आलात का?"

धंतोलीला गेलो हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. कोणालाही! तिला बंगलोरला बसून कसं कळलं? मी आवाज जराही न बदलता म्हटलं, छे, एकदम फर्स्ट क्लास. तू? ती म्हणाली, मीही फर्स्ट क्लास, बाळ छान आहे, ठेवते. इतक्या पटकन ठेवला की शंका पक्की झाली.

बिल्डिंगमध्ये तिचा हेर आहे.

२० मे
तपासात प्रगती. जिन्यात नत्थूजी भेटले. स्वतःहून म्हणाले, "काहून जी पंत, शनिवारी धंतोलीले गेलते का? ऑटोत दिसले. सगळं ठीक आहे नं? तब्येत उतरून राहिली जी तुमची."

जवळजवळ कबुलीजबाब. शिवाय रंभाबाईंकडे अरुंधतीचा नंबर आहे. साखळी पूर्ण: नत्थूजी बघतात, रंभाबाई कळवतात, अरुंधतीला समजतं. मग ती म्हणणार, तुम्हाला एकट्याला जमत नाही, या इकडे. अदितीच्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेऊन बसवतील. माझं इथलं स्वातंत्र्य संपलं.

मी फक्त म्हटलं, "ठीक आहे." यापुढे जिन्याने उतरण्याआधी कानोसा घेणे.

२३ मे
योजना तयार. अशी: अरुंधतीला सांगायचं, फोन दुरुस्तीला टाकतोय, काही दिवस बंद राहील. मग घराबाहेर पडायचंच नाही. तिला माझी काही खबर मिळणार नाही, म्हणून ती हेराला कामाला लावणार. हेर येऊन बेल वाजवणार. मी आतून दार उघडणार. रंगेहाथ.

अशा सापळ्यात आमच्या शाखेने मोठमोठे मासे धरले आहेत. मी तेव्हा टायपिंग करायचो, पण कार्यपद्धती पाठ आहे.

२५ मे, रविवार
फोन बंद केला. त्याआधी अरुंधतीला कळवलं तर ती म्हणाली, "दुसरा फोन घ्या ना एखादा, मला चैन पडणार नाही." चैन पडू नये हाच उद्देश.

आजच नवतपा लागला. नऊ दिवस नुसती आग. रस्त्यावर कुत्रंही नाही. दुधाच्या पाकिटांचा साठा केला. खिडक्या बंद, पडदे बंद. खुर्ची दाराला लावून दाराच्या भिंगातून पहारा. पेपर मुद्दाम बाहेर पडू दिला. आमिष.

२६ मे
कोणी आलं नाही. चतुर आहेत.

भिंगातून समोरचं दार दिसतं. नत्थूजी एकदा बाहेर आले, माझ्या दाराकडे बघितलं, पेपरकडे बघितलं आणि परत आत गेले. मी श्वास रोखून होतो. ते गेल्यावरही बराच वेळ रोखून होतो, नंतर चक्कर आली.

बीपीची गोळी संपली. आणायला बाहेर पडलो तर सापळा उघडा पडेल. दोनचार दिवसांनी काय होतं?

२७ मे
सकाळी बघतो तर पेपर गायब! परवाचा, कालचा आणि आजचा, तिन्ही. पुरावा नष्ट करण्याचा प्रयत्न. गच्चीकडे जाणारी पावलंही ऐकली. वर काय काम?

पण बेल नाही. कोणाचीच नाही. सगळ्यांच्या घरी कूलर घरघर करतात. मी आत मोठ्याने ओरडलो असतो तरी कोणाला ऐकू गेलं नसतं. (ओरडून बघितलं. नाही गेलं.)

दुपारी नळ कोरडा. दुसऱ्या फ्लॅटमध्ये बादली भरल्याचा आवाज येतो, म्हणजे पाणी फक्त माझं बंद. किल्ल्याला वेढा घालून पाणी तोडतात, तसं. मी मागे हटणार नाही.

२८ मे, सकाळ
कूलरच्या टाकीतलं पाणी संपलं. आता नुसती गरम हवा फेकतोय. बंद केला. प्यायला तांब्याभर आहे. तोंडाला कोरड.

कोणी आलं नाही. तीन दिवस झाले. माझ्यावर कोणाचाही पहारा नाही, असं सिद्ध होतंय. बरं वाटायला हवं होतं. अजिबात वाटलं नाही. खुर्चीवर बसून रडू आलं, हे इथे लिहून ठेवतो, कारण वाचणारा मीच आहे.

२९ मे
काल काय झालं ते आज लिहितो, काल लिहिण्याच्या स्थितीत नव्हतो.

दुपारी पाणी मागायला नव्हे, जाब विचारायला बाहेर पडलो. समोरची बेल दाबली आणि तोल गेला. दारातच बसलो. नत्थूजींनी दार उघडलं. "अरे बाप्पा! पंत, तुमी इथंच आहा? आमी तं समजलो तुमी बंगलोरले गेले! बरं झालं म्हटलं, मानूस एकटा किती दिवस काढीन?" मग आत ओरडले, "अवं, पानी आन वं लवकर!"

खुलासा असा. दार बंद, पेपर पडलेला, चाहूल नाही, म्हणून त्यांना वाटलं मी गेलो. पेपर बाहेर दिसले तर चोराला कळतं घर रिकामं आहे, म्हणून उचलून ठेवले. घडी घालून, तारखेप्रमाणे. आणि गच्चीवर जाऊन माझ्या टाकीचा कॉक बंद केला: "एखादा नळ सुरू राहून गेला असता तं नवतपात पूर्ण टाकी खाली झाली असती जी."

म्हणजे मी आत तहानेने मरत होतो आणि हा सद्गृहस्थ माझं पाणी वाचवत होता.

मी चौकशी सोडली नाही. कूलरसमोर बसून, पन्ह्याचा दुसरा ग्लास घेत विचारलं, अरुंधतीला खबर कोण देतं? रंभाबाई गोंधळल्या. "म्या तं संक्रांतीच्या हळदीकुंकवाले फोन केलता जी वहिनीले. तवापासून नाही." मग स्वतःच खजील झाल्या, "कराले पायजे होता." पार्किंगचा विषय काढला तर नत्थूजी म्हणाले, त्यांनी गाडी मार्चमध्येच विकली.

जेवायला थांबवून घेतलं. मी इतका बोललो की घसा दुखला. दक्षता शाखेची सगळी प्रकरणं सांगितली. नत्थूजी बसल्या जागी झोपले, तरी मी सांगत होतो. सकाळी बीपी मोजलं. दोन्ही हातांचं एकमत, आणि आकडा बरा. मशीन सुधारलेलं दिसतं.

३० मे
नत्थूजींकडे चहा. रंभाबाईंनी विचारलं, "उद्या येसाल नं भाऊजी?" मी म्हटलं, बघतो. गोळ्या आणल्या. दीपमालाला निरोप धाडला की उद्यापासून ये. भांडी बघून ती काय म्हणेल याची तयारी ठेवली आहे.

प्रश्न मात्र कायम: हेर कोण? आता संशयित उरलाच नाही.

१ जून, रविवार
फोन सुरू करून अरुंधतीला लावला. सरळ विचारायचं ठरवलं होतं. "तुला माझ्याबद्दल कोण कळवतं?"

ती म्हणाली, "कोण कळवणार हो? तुम्ही 'हॅलो' म्हणता ना, त्यावरून कळतं. दुपारी चारला फोन केला तरी वाटतं, दिवसातला पहिला शब्द बोलताय."

फर्स्ट क्लास म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. म्हटलं, "अगं, मला करमत नाही. मुळीच करमत नाही. मी येऊ का तिकडे?"

मला वाटलं फोन कट झाला. मग लक्षात आलं, ती रडतेय.

म्हणाली, अदिती आणि जावई सकाळी जातात ते दिवे लागल्यावर येतात. दिवसभर ती आणि बाळ. चौदाव्या मजल्यावर कोणाचं दार उघडत नाही, भाषा येत नाही. मार्चपासून झोप नाही. शुगर वाढली, गोळी दुप्पट झाली. कधीकधी गॅलरीत उभी राहून खालच्या वॉचमनला हात करते, तो बघत नाही.

मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "तुम्ही दर वेळी फर्स्ट क्लास होतात. मी कशी बिघडणार?" आणि मग अगदी हळू, "माझ्या आवाजावरून तुम्हाला काहीच कळलं नाही का हो?"

मी म्हटलं, लाइन खराब असायची.

लाइन एकही दिवस खराब नव्हती.