ड्रेस्कॉटच्या माणसाला मी काय काय सांगितलं

हर्मिनियाताई,

तुझा आशीर्वाद मागते. समोर असतीस तर हात पुढे करून मागितला असता. पण तू तिकडे बेटावर, मी इकडे मॅसॅच्युसेट्सात, मध्ये एवढा समुद्र, तेव्हा हात पुढे केलाय असं समज. तुझे गुडघे कसे आहेत? माझे दोन्ही तुझ्या दोन्हींची रोज चौकशी करतात. दाजी अजून फोनवर समोरच्या डोंगरावरच्या माणसाला हाक मारल्यासारखे बोलतात का? तांबडी गाय व्याली का? कालवड झाली असेल तर तिला माझं नाव ठेवू नकोस, आधीच्या दोघींना ठेवलंस तेवढं पुरे. इकडे सगळी धडधाकट आहेत. लुर्देस अजून हॉस्पिटलात रात्रपाळी करते, सकाळी मी पाव भाजायला उठते तेव्हा ती झोपायला येते, आणि आम्ही मायलेकी स्वयंपाकघराच्या दारात एकमेकींना शेजारणींसारख्या भेटतो.

आता तू म्हणशील, दर रविवारी फोन असतो, मग पत्र कशाला? ताई, फोनवर दाजी ऐकतात, तुझी सून ऐकते, सुनेची आई आली असेल तर तीही ऐकते. लाजेची गोष्ट ओरडून सांगता येत नाही. म्हणून हे पत्र. लिहितोय माझा नातू जोएल. त्याला बजावलंय की मी बोलेन तसं लिही, सुधारू नकोस. आठ वर्षांचा होता तेव्हापासून माझी पत्रं हाच लिहितो, आणि तेव्हापासून सुधारतो. (मी काहीही सुधारत नाही. – जोएल) आता हे कंसात काय लिहिलंस रे? वाचून दाखव. बरं, राहू दे.

तर ताई, चर्च आणि बाजार सोडला तर शनिवारपासून मी पडदे लावून बसले आहे. गल्लीत कुणी हाक मारली की मी न्हाणीघरात जाते. कारण सांगते, पण सुरुवातीपासून सांगावं लागेल.

तुला ठाऊकच आहे की जोएलला हॅलोवे कॉलेजनं फुटबॉलच्या टीमसाठी घेतलं. कॉलेज एवढंसं आहे, सगळी मुलं मास्तरांसकट आपल्या चर्चमध्ये मावतील. यंदा टीममध्ये नऊ नवीन पोरं. ऑगस्टच्या मध्याला आली, आयांसकट, आणि प्रत्येकीच्या काखेत एक छोटा फ्रिज. कॉलेज सुरू व्हायच्या आधी त्यांना सकाळ-संध्याकाळ असं पळवतात की पहिल्या दिवशी तिघं कुंपणाला धरून ओकत होते. नवीन पोरांनी गोलाचे लोखंडी सांगाडे उचलायचे, चेंडूंची पोती वाहायची, आणि जुन्यांनी कमरेवर हात ठेवून ‘हळू रे, गवत दुखावेल’ म्हणायचं. सीझन कसा जाईल यावर कोच ब्रॅनिगननं कॉलेजच्या वेबसाइटवर लिहिलं, ते जोएलनं मला वाचून दाखवलं. ‘टीम तरुण आहे, भुकेली आहे, पण कच्ची आहे.’ मी म्हटलं, भुकेली आहे ते खरं, रोज सकाळी मी गोड पाव नेते आणि टोपली चाटूनपुसून परत येते. मग सगळ्या कॉलेजांच्या कोचनी मिळून मतं दिली की यंदा कोण कितवं येईल. दहांत आम्ही नववे. मी विचारलं, “मग दहावे कोण?” तर म्हणे, “आजी, त्यांना अजून कोच मिळालेला नाही.”

या नववेपणात आमच्या जोएलचं मात्र चांगलं चाललं होतं. जुना गोलकीपर पास होऊन गेला, नवीन आले दोन. एक आपला जोएल आणि दुसरा कनेटिकटचा प्रेस्टन, ज्याचे हातमोजे आपल्या लग्नातल्या बुटांपेक्षा महाग असावेत. कोचनं सांगितलं, पहिल्या मॅचला जोएल उभा राहील. नीट उभा राहिला तर सीझन त्याचा, नाही तर प्रेस्टनचा. आणि गोलकीपरला दुसरी संधी लवकर येत नाही ताई. बाकावर बसला की चार वर्षं बाक गरम करतो. हा पोरगा सातव्या वर्षापासून आमच्या गॅरेजच्या दारासमोर उभा राहून चेंडू अडवतोय. जे अडले नाहीत त्यांचे पोचे दारावर आहेत, आणि मी मोजू म्हटलं तर तो चिडतो.

शनिवारी आपसातली मॅच होती, सगळ्यांना बघायला खुली. मी घडीची खुर्ची आणि तळून साखरेत घोळवलेल्या मालासाडांचा डबा घेऊन गेले. सकाळच्या सरावालाही मी पावाच्या निमित्तानं असतेच, त्यामुळे ज्या गोष्टी पोरांच्या आयांना माहीत नाहीत त्या मला माहीत. एक अशी की मिनेसोटाचा तो लांबोडका अँडर्स बाजूच्या रेषेवरून हातानं चेंडू फेकतो तो थेट गोलच्या तोंडाशी पडतो, आणि कोचनं हे लपवून ठेवलंय. शनिवारी त्याला मुद्दाम जवळ फेकायला सांगितलं होतं. आणि दुसरी जोएलची.

माझ्या शेजारी एक तरुण येऊन बसला. केस विंचरलेले, दाढी नीट, करडा शर्ट आणि छातीवर तांबडी अक्षरं. ताई, तुला माहीत आहे मी जगात कशी वावरते. ट्यूनाचा डबा माशाच्या चित्रावरून, बस रंगावरून, औषध गोळीच्या आकारावरून. घरात एकीलाच शाळेत घालायचं होतं. तू अशक्त म्हणून पाटी तुला, मी दणकट म्हणून गायी मला. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, गायी तुझ्यापेक्षा कमी भांडायच्या. पण हॅलोवेचा रंग तांबडा, अक्षरं तांबडी, म्हणून मी धरून चालले की हा आपलाच. त्यानं माझी खुर्ची सावलीत सरकवून दिली. मी मालासाडा पुढे केला. साखर ओठाला लागली ती त्यानं हातानं पुसली, बाहीनं नाही. मग त्यानं विचारलं, “यातला तुमचा कोणता, आजी?”

हे विचारल्यावर गप्प बसणारी आजी अजून कुणाच्या घरी जन्मली असेल तर मला दाखव.

“तो गोलात उभा आहे ना, तो.”

“चांगला उंच आहे.”

“उंच आहे. पण डावीकडे खाली चेंडू मारा, मग बघा. बटाट्याचं पोतं! पडतो, पण चेंडू जाळ्यात जाऊन बसल्यावर.”

तो खळखळून हसला. आणि माझा स्वभाव तुला माहीत आहे, समोरचा हसला की मी थांबत नाही. अँडर्सचं सांगितलं. आज तो मुद्दाम जवळ फेकतोय हेही सांगितलं. कोणाचा घोटा सुजलाय, कोण दुसऱ्या हाफमध्ये दमतो, कोण आईच्या आठवणीनं रडतो, सगळं सांगितलं. त्यानं पाच मालासाडा खाल्ले आणि जाताना माझा हात दोन्ही हातांत घेतला.

तो गेला, आणि आमच्या क्लबातली कॉनी मेदेइरोस दोन-तीन बायकांना घेऊन टाळ्या वाजवत आली. “इदालिना, काय गंडवलंस गं त्याला!”

“कुणाला?”

“बघा, वर साळसूदपणा! अगं, ड्रेस्कॉट कॉलेजचा छोटा कोच तो. शुक्रवारी पहिली मॅच त्यांच्याशीच ना? छातीवर पावाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं. आम्ही सगळ्या त्याला बघून दूर जाऊन बसलो, आणि तू बाई थेट शेजारी! पोरं म्हणत होती, आजीबाई त्याच्या कानात वाटेल ते भरतायत.”

ताई, त्या क्षणी चार शब्द पुरले असते. मला वाचता येत नाही. पण पन्नास वर्षं या गावात मी ‘चष्मा घरी राहिला’ यावर काढली आहेत, आणि त्या दिवशी चष्मा नाकावर होता (लांबचा, जोएलला बघायला). म्हणून मी हसले. आधी थोडी, मग बायका जास्त हसल्या म्हणून मीही जास्त.

तेवढ्यात कोच स्वतः धावत आला. “मिसेस फुर्तादो, नक्की काय सांगितलंत त्याला?”

आणि माझी जीभ म्हणाली, “सांगितलं, नातवाचं डावं म्हणजे लोखंड, उजवीकडे मात्र कच्चा. आणि अँडर्स? त्याच्या हातात पाव मोडायचाही जोर नाही.”

कोचनं माझ्या डोक्याचा मुका घेतला. सगळ्यांसमोर. (इथे मी पेन खाली ठेवलं होतं. आजीनं परत उचलायला लावलं. – जोएल)

आता पुढचं ऐक. सोमवारपासून कोच जोएलला उजवीकडे अर्धं पाऊल झुकून उभं राहायला शिकवतोय, कारण त्याच्या मते ड्रेस्कॉटवाले उजवीकडे मारणार. म्हणजे ते डावीकडे मारणार कारण मी खरं सांगितलं, आणि हा उजवीकडे झुकणार कारण मी खोटं सांगितलं. एका पोराला दोन्ही बाजूंनी मारायचं काम आजपर्यंत कुठल्या शत्रूला जमलं नसेल, ते मी खुर्चीवर बसून केलं. रोज रात्री तो फोनवर लुर्देसला सांगतो, ‘आई, शुक्रवारी बघच तू’, आणि ती सुट्टी काढून बसली आहे.

आणि गावात माझी मिरवणूक! खाटकानं सॉसेजचे पैसे घेतले नाहीत. रविवारी चर्चच्या प्रार्थनेनंतर पाद्र्यांनी डोळा मारला, पाद्र्यांनी! उद्या टीमचं जेवण आहे, तिथे मला उभं करून टाळ्या वाजवणार आहेत. कॉनी म्हणते दोन शब्द बोल. माझ्याकडे दोन शब्द आहेत, पण ते ऐकल्यावर टाळ्या वाजवतील असं वाटत नाही.

आज बुधवार. जोएल केलच्या पानांचं सूप प्यायला आलाय. शुक्रवारी संध्याकाळी मॅच आहे. तब्येतीला जप, जिना हळू उतर, दाजींना नमस्कार सांग, अगदी हळू आवाजात.

तुझी, वयानं धाकटी आणि अकलेनं त्याहून धाकटी,
इदालिना

ता. क. ताई, मला माफ कर. हे पत्र तुला पोचेल तेव्हा मॅच होऊन दोन आठवडे उलटले असतील. तू काही करू शकणार नाहीस, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं. पत्र तुझ्या नावाचं, पण ऐकवायचं होतं लिहिणाऱ्याला. समोर बसवून सांगायला गेले असते तर तो ‘असू दे गं आजी’ म्हणाला असता, आणि मी लगेच असू दिलं असतं. हात गुंतला की त्याचं तोंड बंद राहतं. तर जोएल, आता हे तुला. सूप संपव आणि कोचकडे जा. आजीनं त्या माणसाला सगळं खरं सांगितलं होतं, असं सांग. का सांगितलं तेही सांग. चष्म्याचं नाव काढू नकोस.

दुसरा ता. क. गेला नाही. सूपही संपवलं नाही. मी म्हटलं, काय झालं? त्यानं सांगितलं. मी म्हटलं, जे बोललास ते लिही, जसंच्या तसं. तर लिहितोय.

“मी बघितलं होतं आजी. मध्यंतरात पाणी प्यायला आलो तेव्हा. त्याचा शर्ट बघितला, आणि तू त्याला डबा पुढे करत होतीस.”

“मग हाक मारायचीस!”

“प्रेस्टन शेजारी होता. तो म्हणाला, तुझ्या आजीला कळतंय ना, ती कोणाशी बोलतेय? शर्टावर लिहिलंय की. मी म्हटलं, कळतंय तर! मुद्दाम गंडवतेय त्याला. मला वाटलं, तू नुसत्या पावाच्या गोष्टी सांगत असशील.”

म्हणजे ताई, ती गोष्ट कॉनीची नव्हे, पोरांची नव्हे. माझ्याच घरातून निघाली होती.

मी विचारलं, “लाज वाटली?” तो हो म्हणाला. “माझी?” त्यावरही हो म्हणाला. मी सांगितलं, ते दुसरं हो पण लिही. लिहिलंस का? (लिहिलं. – जोएल)

मला राग यायला हवा होता, पळी हाताशीच होती. पण पन्नास वर्षं जी लाज मी चष्म्याच्या घरात घालून फिरवली, ती या पोराच्या खिशात कधी गेली ते मला कळलं नाही. त्याच्या भांड्यात आणखी सूप वाढलं. दुसरं काय करणार!

तिसरा ता. क. आम्ही दोघंही जातोय. कोच अंधार पडेपर्यंत मैदानावर असतो म्हणे. मी सणाचे बूट घालतेय आणि घालता घालता बोलतेय, म्हणून अक्षर वाकडं आलं असेल तर दोष माझ्या टाचेचा. शर्टाचं मी सांगायचं, प्रेस्टनचं त्यानं सांगायचं, असं ठरलंय. जोएल म्हणतो, कोच चिडून हातमोजे प्रेस्टनला देईल. देईलही. मी म्हटलं, मग मी बाकामागे खुर्ची टाकून बसेन आणि गप्प राहीन. तो म्हणाला, “गप्प? तू?” शनिवारनंतर पहिल्यांदा हसला.

आणि आता तुझ्याकडे खरं काम. मधल्या रविवारी फोनवर मी मॅचबद्दल चकार शब्द काढणार नाही. हे पत्र वाचलंस की फोन कर, पण आधी स्कोअर विचारू नकोस. आम्ही नववे आहोत, स्कोअरचं काय एवढं. आधी विचार, गोलात कोण उभं होतं. आणि मी उत्तर द्यायच्या ऐवजी हवेबद्दल बोलायला लागले, तर समजून घे, आणि तूही हवेबद्दलच बोल.