भिंतीलगतचा अर्धा इंच

ता. ४ फेब्रुवारी

चि. खुंटीस,
आशीर्वाद, आणि डोक्यात एक टपली.

टपली अशासाठी की लाकडाचे तीन तुकडे पाठवलेस आणि विचारलंस, जावईबापूंच्या कामाच्या खोलीत लाकडी जमिनीला कोणता रंग छान दिसेल. चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या बापाला रंग विचारतेस. रंग जावईबापूंना विचार.

गडद तुकडा नखाने दाबला, खूण उमटली. मऊ आहे. खुर्ची सरकली की रडेल. दुसऱ्याला लाकडाचा नुसता मुलामा, पोटात भुसा. सकाळी पाण्यात ठेवला, संध्याकाळपर्यंत पावासारखा फुगला. तिसरा ओकचा. नख लागत नाही, रेषा सरळ. तो घे.

फळ्या आल्या की लगेच बसवू नका. पंधरा दिवस त्याच खोलीत पडू दे. तिथली हवा त्यांच्या अंगी लागू दे.

त्या खोलीचं दार मी केलं तेव्हाच खाली जागा सोडली आहे, जमीन चढणार हे धरून. दाराला हात लावू नका. जावईबापू फोनवर ऑफिसशी बोलतात तो आवाज आतच राहावा म्हणून ते इतकं जाड केलं आहे.

लोभ आहेच. तो लिहून वाढत नाही.
बाबा


ता. १२ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना,
साष्टांग नमस्कार. टपली पोचली.

ओक ठरला. फळ्या आल्या आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे खोलीत पडून आहेत. हे त्यांना पाहुणे म्हणतात आणि त्यांच्यावरून उडी मारून टेबलापर्यंत जातात. काल उडी चुकली. फळी ठीक आहे, तुम्ही आधी तेच विचाराल. ह्यांचा अंगठाही ठीक आहे.

एक विचारायचं होतं. जमीन बसवणारे मिस्त्री म्हणतात, चारही भिंतींलगत अर्धा इंच मोकळा सोडायचा आणि वरून पट्टी मारायची, म्हणजे दिसत नाही. माणूस कमी बोलतो. तुमच्यासारखीच कानावर पेन्सिल ठेवतो. काय सांगू त्यांना?

काम झालं की तुम्ही यायचं. आई गेल्यापासून चार वर्षं नुसतं येतो येतो चाललं आहे. तुमचा लोभ असतो ते ठाऊक आहे, या वेळी तो सोबत घेऊन या.
तुमची
खुंटी


ता. १७ फेब्रुवारी

चि. खुंटीस,
आशीर्वाद. या वेळची टपली मिस्त्रीला.

अर्धा इंच सोडून द्यायचा, तर मोजपट्टी कशाला बाळगायची? ज्याला माप जमत नाही तो वरून पट्टी मारतो. फळी भिंतीला भिडली पाहिजे. मध्ये पोस्टकार्डाची कड शिरता कामा नये. हे पत्र त्याला दाखव.

पुढची काळजी तू घे. ओलं फडकं फिरवायचं नाही. इतकं पिळायचं की त्याने चष्मा पुसता यावा. खुर्च्यांच्या पायांना जाड लोकरी कापड चिकटव. बूट दाराबाहेर, जावयाचेसुद्धा.

जूनमध्ये येतो. या वेळी खरंच. गादी घालू नकोस, त्या जमिनीवर मला पाठ टेकायची आहे.

जावईबापूंच्या अंगठ्याला आशीर्वाद.
बाबा


ता. ९ जून

तीर्थरूप बाबांना,
साष्टांग नमस्कार.

जमीन सुंदर झाली आहे. सकाळी खिडकीतून ऊन आलं की लाकडाच्या रेषा उठून दिसतात. फडकं चष्म्याचंच वापरते.

तुम्ही मात्र एवढ्यात येऊ नका. हवा फार दमट आहे, गुडघा धरेल. प्रवासही लांबचा. हवा कोरडी झाली की मीच न्यायला येईन.

बाकी ठीक. ह्यांच्या ऑफिसात कामाची गर्दी आहे. माल कुठे अडकला, ट्रक कधी निघाला, दिवसभर फोनवर तेच. स्वयंपाकघरात बसून मला सगळं पाठ झालं आहे. एखाद्या दिवशी मीच उत्तर देईन.

राग मानू नका, लोभ कमी करू नका.
तुमची
खुंटी


ता. १४ जून

चि. खुंटीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि भरलेली पिशवी मी रिकामी केली. गुडघा माझा आहे, त्याला कोणती हवा सोसते ते मला कळतं. चार वर्षं बोलावत होतीस, आता नको म्हणतेस. म्हाताऱ्याची अडचण होत असेल, असं धरून दोन दिवस बसलो. ज्या कपाटाला गरज नव्हती त्यालाही रंधा मारला.

तिसऱ्या दिवशी पत्र पुन्हा वाचलं. ट्रक कधी निघाला हे तुला स्वयंपाकघरात कसं कळतं? माझं दार लावलं तर आत ट्रक आला तरी बाहेर कळायचं नाही. म्हणजे दार लागत नाही. दार खाली उतरलेलं नाही. त्याला तीन बिजागऱ्या आहेत आणि त्या मी बसवल्या आहेत. मग जमीन वर आली.

दमट हवेत फळ्या फुगल्या, भिंतीकडे सरकायला जागा नाही, म्हणून उठल्या. दारापासूनच चढ असेल आणि दोन पावलांवर टेकडी.

चाळीस वर्षं कपाटाच्या दाराची फळी मी चौकटीत सैल बसवली, फुगली तर जागा असावी म्हणून. तेव्हा मला हे माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्याने आधी सांगितलं, म्हणून पटलं नाही.

सोमवारी येतो. भिंतीलगत चारही बाजूंनी अर्धा इंच कापायचा. मग फळ्या आपणच खाली बसतात. लगेच नाही, काही आठवडे जातात. त्या बसेपर्यंत मी राहणार.

मिस्त्रीलाही बोलाव. चूक माझी होती हे त्याला सांगायचं आहे. तेव्हा तू बाहेर थांब आणि दार लावून घे.

लोभ होता तेवढाच आहे. एक टपली बाकी आहे, ती समक्ष.
बाबा


ता. १७ जून

तीर्थरूप बाबांना,
साष्टांग नमस्कार.

टेकडी दोन नाही, तीन पावलांवर आहे. हे तिला सासरेबुवा म्हणतात आणि जाता-येता वाकून नमस्कार करतात.

लपवलं ते एवढ्यासाठी की तुमचं एकच माप चुकलं आणि ते माझ्या घरात. ते बघून तुम्ही त्याच गाडीने परत फिराल आणि पुन्हा यायचं नाव काढणार नाही, असं वाटलं.

मिस्त्रींनी तेव्हा तुमचं पत्र वाचलं, नीट घडी घालून मला परत दिलं आणि तुम्ही म्हणता तसं काम केलं. काल त्यांना बोलावून टेकडी दाखवली. ते खाली बसले, फळ्यांवरून हात फिरवला आणि एवढंच विचारलं की वडील कधी येणार. तुमची करवत घेऊन या. त्यांना ती बघायची आहे.

गादी घातलेली नाही. लोभ हवा तेवढा फुगू द्या, इथे जागा सोडलेली असेल.
तुमची
खुंटी

ता. क. मिस्त्री सोमवारी दहाला येतील. तुम्ही दोघं बोलाल तेव्हा मी बाहेर थांबेन. दार लावून घेता येणार नाही, हे तुम्हीच शोधून काढलं आहे.