वाकडी रेघ, सरळ रेघ आणि सासूबाई

मामंजी, आज जयनगरच्या घरी नात ग्राफ काढत बसली होती, तोही फोनवर! आणि मला चिकपेटेतल्या जुन्या घरातली तुमची शिकवणी अशी आठवली की भाजी चिरायची टाकून लिहायलाच बसले. चुका काढू नका हं, चौथीपर्यंतच शिकलेली सून तुमची.

लग्न होऊन आले तेव्हा मला एकच ध्यास. दुपारी मुलं शिकायला येतात, त्यांच्यामागे भिंतीला टेकून आपणही बसावं. सासूबाई म्हणायच्या, "गणितानं काय ताक घुसळायचंय?" तुम्ही हसलात. "एक प्रश्न घालतो. बरोबर आला तर ही बसेल. सरी, चालेल?" त्याही ठसक्यात म्हणाल्या, "सरी!"

मग ग्राफचा कागद आला. आकड्याला त्यानंच गुणलं की जे येतं, त्याची कढईसारखी वाकडी रेघ. त्याच आकड्यात सहा मिळवले की जे येतं, त्याची तिरपी सरळ रेघ. "त्या भेटतात तिथं दोन्हींचं उत्तर सारखं. आकडेमोड न करता सांग, अशा जागा किती?" मी पदर खोचून वाकते. डावीकडे एक भेट स्वच्छ दिसते. "एक!" तुम्ही मान हलवता, आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी. "अगं, कागद संपला, रेघा कुठं संपल्यात?" तुम्ही खळ मागवलीत, वरच्या अंगाला दुसरा कागद चिकटवलात, रेघा पुढं नेल्यात, तर उजवीकडे त्या पुन्हा भेटल्या की! दोन.

हरले मी. उठून आत निघाले, तर सासूबाई लाटण्यासकट कागदावर वाकलेल्या. "मग आणखी वर तिसऱ्यांदा भेटतील की हो?"

"स्वल्प थांब. वाकडी किती जोरात चढतेय बघ."

"पुढं दमेल की!"

तुम्ही आणखी कागद जोडलात, मुलं सरकून बसली. वाकडी आपली वर वर, सरळ बिचारी मागं. "नाही भेटत," सासूबाईंनी शेवटी कबूल केलं आणि माझ्यावरच डाफरल्या, "उभी काय राहिलीस? बस. मी एकटी बसू का या पोरांत?"

तेव्हापासून ताक रोज उशिरा झालं, आणि तुम्ही मुकाट्यानं प्यायलात.

हे पत्र टाकायचं कुठं? राहू दे उशीखाली. पण खरं सांगते, ती उत्तरं कोणती, ते मला अजून काढता येत नाही. किती आहेत तेवढं झोकात सांगते. पुढचं कुणी विचारलं, की दूध उतू जातंय म्हणत उठते.